डाव्या हाताचं सूत

म्हसवडच्या सिद्धूच्या पायाला भिंगरी आणि हातात टकळी. मेंढरांमागं अर्धी हयात चालला, पण हात कधी रिकामा ठेवला नाही. बोटांनी काडीला झटका द्यायचा, टकळी हवेत सोडायची आणि तिच्या फेऱ्यांबरोबर लोकरीचं सूत वळत जायचं. पोरांना खापराच्या भिंगऱ्या करून द्यायचा तेव्हाही एकच गोष्ट बजावायचा, "वजन कडंला ठेवा रं. मधी जड न् कडंला हलकी भिंगरी लगीच आडवी हुती." शाळेची पायरी न चढलेला माणूस, पण हे त्याला मास्तरांपेक्षा नीट कळलेलं.

त्यांच्यात रीत अशी, की नवरी ज्या घोंगड्यावर बसते त्याचं सूत तिच्या बापानं स्वतः कातायचं. बाहत्तरच्या दुष्काळानं निम्मा कळप खाल्लेला, म्हणून लेकीच्या, साळूच्या लग्नासाठी सिद्धूनं दोन वर्षं लोकर जपली. निम्मं सूत कातून झालं आणि एका सकाळी त्याचा उजवा हात लुळा पडला. लग्न महिन्यावर आलेलं.

बायको हरणाबाई म्हणाली, "आवं, मी कातते. कुनाला कळतंय?"

"मला कळंल की," सिद्धू म्हणाला.

हट्टी माणूस. डाव्या हातानं त्यानं आधी पोरांची भिंगरी फिरवून बघितली. उजवीकडं फिरवायला डावी बोटं ऐकेनात, डावीकडं मात्र ती झकास उभी राहिली. सिद्धूला बरं वाटलं. भिंगरीला कुठं उजवं-डावं असतं? फिरली की झालं. मग टकळीही तशीच फिरवत, लोकर लुळ्या हाताला गुंडाळून, धागा दातात धरून त्यानं उरलेलं सूत कातलं.

लग्नाला आठ दिवस उरले तेव्हा तो गठुळं घेऊन घोंगडी विणणाऱ्या जोतिबा सणगराकडं गेला. जोतिबानं दोन्ही सुतं अंगठ्याखाली चोळली.

"सिद्धबा, ह्ये निम्मं उलट्या पिळाचं हाय."

"मग? सूत तर घट हाय."

"घट हाय. पर उलट्या पिळाचं तुमच्यात मयतावर टाकत्यात. पोरीला त्यावर बसवू व्हय? आन् नुसत्या निम्म्या सुतात घोंगडं व्हत न्हाई."

सिद्धूला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मयताचं सूत मुद्दाम उलटं कातताना त्यानं लहानपणी पाहिलेलं. आपलाच हात तसं करील हे मात्र त्याच्या मनातही आलं नव्हतं.

घरी येऊन त्यानं पीळ सुलटा करता येतोय का म्हणून सूत उलगडून बघितलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. हा पीळ गेला, पण त्याच्याबरोबर सूतही गेलं. हातात तुटक्या लोकरीचे पुंजके राहिले. नवी लोकर कातरावी तर मेंढरांच्या अंगावर काही नव्हतं. तो उंबऱ्याशी बसून रडला आणि हरणाबाईनं त्याला रडू दिलं.

लग्नात साळू जोतिबाकडून आणलेल्या, कुणा परक्यानं कातलेल्या घोंगड्यावर बसली. सोयऱ्यांतले भाऊसो म्हणून एक म्हातारे होते. त्यांनी खाली वाकून घोंगड्याचं टोक चाचपलं.

"सिद्धबा, लय एकसारखं कातलंय गड्या. बापाचा हात हाय, न्हवं?"

साळूनं मान वर केली. तिला सगळं ठाऊक होतं. खरं बोलावं तर भरल्या मांडवात लग्न अडणार.

सिद्धूनं लुळा हात उपरण्याखाली सरकवला.

"व्हय," तो म्हणाला.