मुंडी कुणापुढे ठेवायची

'अशू', म्हणजे घाट, या नावाच्या बँडमध्ये कुणीही प्रमुख नव्हतं. ही गोष्ट मेदेर सगळ्यांना इतक्या वेळा सांगत असे, की प्रमुख तोच असावा अशी लोकांची समजूत व्हावी. त्याची स्वतःचीही तीच समजूत होती. फक्त ते दुसऱ्या कुणीतरी म्हणायला हवं होतं, आणि ते अजून कुणी म्हटलेलं नव्हतं.

बँडमध्ये चौघं होती. जोलदोश गाणी लिहायचा आणि गायचा. मेदेर चाली बांधायचा आणि गिटार वाजवायचा. बेस गिटार कुंदूजकडे, आणि ड्रमवर तिचा मावसभाऊ एसेन. दिवसा मेदेर बिश्केकमध्ये ओश बाजाराच्या मागे अँप्लिफायर दुरुस्त करायचा. जळलेला भाग नुसत्या वासावरून ओळखता येतो याचा त्याला अभिमान होता, आणि स्वतःच्या मनात काय जळतंय याचा वास मात्र त्याला सगळ्यांत शेवटी यायचा. रेडिओवर मुलाखत झाली की मुलाखत घेणारी बाई जोलदोशला विचारायची, "या गाण्यातून तुम्हाला काय सांगायचं आहे?" मेदेरला विचारायची, "तुम्ही कुठली गिटार वाजवता?"

भांडण नव्या गाण्यावरून होतं. बर्फात घाटमाथ्यावर अडकलेल्या एका ट्रक ड्रायव्हरचं ते गाणं. शेवटच्या कडव्याआधी मेदेरचा गिटारचा सोलो होता. हिवाळाभर दुकानाचं शटर अर्धं ओढून त्यानं तो वाढवत वाढवत सहा मिनिटांचा केला होता. तो सोलो म्हणजे साक्षात घाट आहे, असं त्याचं म्हणणं. वळणं, धुकं, तापलेलं इंजिन, सगळं त्यात होतं.

"एवढ्या वेळात ड्रायव्हर चीनला माल उतरवून परत आला असता," जोलदोश म्हणाला होता. त्याला सोलो पूर्ण काढून टाकायचा होता.

मतदान झालं. कुंदूज जोलदोशच्या बाजूनं, एसेन मेदेरच्या. एसेनच्या ड्रमचं पेडल मेदेरनं फुकट दुरुस्त करून दिलं होतं, तरीही एसेननं तत्त्व म्हणूनच मत दिलं असं मेदेर धरून चालला. दोन विरुद्ध दोन. शरद ऋतूत रेकॉर्डिंग होतं, आणि तोवर गाणं काय ते ठरायला हवं होतं. सोलो गेला तर आपणही जायचं, असं मेदेरनं मनाशी पक्कं केलं होतं. हे त्यानं मोठ्यानं मात्र कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी "बरं" म्हणालं असतं तर?

ऑगस्टमध्ये त्यांना इस्सिक-कुल तळ्याच्या दक्षिण काठावरून, तोसोर गावाहून बोलावणं आलं. तिथले इस्मानाली-आके, म्हणजे इस्मानालीकाका, सत्तरीचे झाले होते आणि त्यांना मेजवानीत गिटारी हव्या होत्या, तेही मोठ्या आवाजात. वाटेत चौघं गाडीतही भांडली. जर्दाळू विकणाऱ्या बायकांपाशी थांबली, खाल्ले, आणि मग तोंडात बिया असताना भांडली.

"कुणीतरी एकानं ठरवायला हवं," कुंदूज म्हणाली.

"कुणी?" जोलदोशनं विचारलं.

"आपल्यात तसं कुणी मोठं नाही," मेदेर म्हणाला, आणि कुणी खोडून काढतंय का याची वाट पाहिली. एसेननं खिडकीतून बी थुंकली.

पोचल्या पोचल्या इस्मानाली-आकेंनी मेदेरला सामोवारपाशी बाजूला घेतलं. ठेंगणे, पाठ ताठ, डोक्यावर पांढरी उंच टोपी.

"बाळा, तुमच्यासाठी वेगळी मेंढी कापली आहे. आता सांग, तुमच्यात पहिला कोण?"

"आम्ही सगळे सारखेच, आके."

"सारखे?" म्हाताऱ्यानं त्याच्याकडे दयेनं पाहिलं. "मेंढीला मुंडी एकच असते, बाळा, आणि ती पहिल्या पाहुण्यापुढे ठेवतात."

मेदेरला हसू आलं.

"हसू नकोस. आमचाही बँड होता. कोलखोजचा, सरकारी सामुदायिक शेतीचा. मी बेस वाजवायचो, पँटचे पाय या एवढे रुंद. एकदा चेअरमननं जेवायला घातलं आणि मानाचं कमरेचं हाड गायकापुढे ठेवलं. आमचा अकॉर्डियनवाला माझ्यापेक्षा मोठा, गायकाहूनही मोठा. तो उठला, टोपी घातली, गेला. संपला बँड! पुढं जन्मभर शेजारी राहिला, पण सलाम नाही. म्हणून मी आधीच विचारतो. तू फक्त पहिलं नाव सांग, बाकीची हाडं मी लावतो."

मेदेरनं झटपट हिशेब मांडला. 'मी' म्हटलं तर ही गोष्ट बिश्केकमध्ये बर्फ पडेपर्यंत चघळली जाईल. 'जोलदोश' म्हटलं तर आपलं मन मोठं ठरेल. शिवाय जोलदोश चांगल्या घरचा. समोर मुंडी आली की तो रीतीप्रमाणे म्हणेल, नको नको, मेदेरला द्या. मग आपण दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा, सगळ्यांच्या आग्रहाखातर, घ्यायची. मानही मिळेल आणि विनयही. एका मेंढीत दोन्ही.

"जोलदोश," तो म्हणाला, आणि अशा वेळी लोक घालतात तशी मान खाली घातली.

"शाब्बास! स्वतःचं नाव घेणारेच फार भेटतात रे."

या शाबासकीवर मेदेर जेवण येईपर्यंत तरंगत होता.

युर्टमध्ये, त्या नमद्याच्या गोल तंबूत, हातावर पाणी घातलं गेलं. मोठ्या परातीतून वाफाळतं मांस आलं. इस्मानाली-आकेंनी मुंडी उचलली, तिचं नाक जोलदोशकडे येईल अशी वळवली आणि त्याच्यापुढे ठेवली. मेदेरपुढे कमरेचं हाड, म्हणजे दुसरा मान. कुंदूजपुढे लेकीबाळींना देतात ते शेपटीकडचं हाड, एसेनपुढे मांडीचं.

मेदेर जरा सावरून बसला. चेहऱ्यावर 'छे छे, मला कशाला' हा भाव आणून ठेवला.

"रहमत, आके," जोलदोशनं आभार मानले, बाह्या सरसावल्या आणि सुरी घेतली.

बस्स. 'नको नको' नाही, इकडेतिकडे बघणं नाही. मेदेरचा तो भाव चेहऱ्यावर तसाच राहिला. आता तो काढायचा कसा, हे त्याला कळेना. जोलदोशचं लहानपण नारिनला मेंढपाळ आजोबांकडे गेलं होतं. तो मुंडी अशी सोडवत होता, जणू मेंढी आतून मदत करतेय.

"आके," मेदेर दबक्या आवाजात म्हणाला, "जोलदोशला कदाचित संकोच वाटत असेल—"

"मला?" जोलदोशनं वर पाहिलं. "यजमानानं दिलेलं नाकारायचं? तुझ्या घरी कुणी शिकवलं नाही का रे काही?"

कुंदूजनं हाड खाली ठेवलं. "हे बरं झालं. आता आपल्याला मुंडीवाला मिळाला. तर मुंडीवाल्यानं त्या सोलोचं ठरवून टाकावं."

"कसला सोलो?" इस्मानाली-आकेंनी विचारलं. तिनं सांगितलं. म्हाताऱ्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, ट्रकचं गाणं, दोन विरुद्ध दोन, चीनपर्यंत. "बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "मुंडी खायची आणि निर्णय दुसऱ्यानं घ्यायचा, असं नसतं."

मेदेरनं एसेनकडे पाहिलं. एसेन मांडीच्या हाडात बुडाला होता.

आपण स्वतःच्या सोलोची मान स्वतःच्या हातानं, शिवाय मान खाली घालून, कापायला दिली आहे, हे मेदेरला तेव्हा पुरतं उमगलं. कुणी कट केला असता तर निदान रागावता तरी आलं असतं.

जोलदोशनं आधी कान कापला आणि एसेनला दिला. "घे, लहान आहेस. ऐकायला शीक." मग एक डोळा काढला. जो सारखा नजरेसमोर असावा असं वाटतं त्याला डोळा द्यायचा, अशी रीत. जोलदोशनं तो सुरीच्या टोकावर मेदेरपुढे धरला.

"खा. तुझं थोबाड बघितल्याशिवाय माझं गाणं पुरं होत नाही. काय करणार, नशीब!"

सगळे हसले. बँड सोडायचा विचार हिवाळाभर पोसणाऱ्या मेदेरनं तो डोळा तोंडात घातला. चव वाईट नव्हती. तोंडात असताना बोलता येत नाही, एवढंच.

"आणि सोलो?" कुंदूजनं विचारलं.

जोलदोशनं हात पुसले. "वाजवू दे. पूर्ण. एकही सूर कापायचा नाही. आज वाजव, आणि रेकॉर्डिंगलाही तसाच."

म्हणजे मेदेर जिंकला होता. पण हे असं जिंकणं त्याला मुळीच नको होतं. हक्कानं हवी होती ती वस्तू खिरापतीसारखी हातावर पडली होती. "मला तुझे उपकार नकोत," असं तो म्हणणार होता. पण मग जोलदोश "बरं" म्हणाला असता.

दुपार कलल्यावर, फळ्या पाडलेल्या एका ट्रकवर चौघं उभी राहिली. ट्रकमागे जनरेटर धडधडत होता. समोर गालिच्यांवर सगळा गाव, आणि अगदी पुढे इस्मानाली-आकेंची थोरली बहीण सायरा-अपा. त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्या इतरांना भरपूर ऐकू येईल असं बोलायच्या.

पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. लोक माना डोलावत होते. मग मेदेरचा सोलो सुरू झाला.

पहिलं वळण छान गेलं. दुसरंही. तिसऱ्यावर धुकं आलं, त्यानं ठरवलं होतं तसंच. गालिच्यांवर लोक एकमेकांशी बोलू लागले. कुणी कलिंगड कापायला घेतलं. एक कुत्रा स्पीकरसमोर येऊन, मोठा उसासा टाकून आडवा झाला. धुकं चालूच होतं.

"बिचारा!" सायरा-अपा शेजारणीला म्हणाल्या, आणि ते तळ्यापर्यंत ऐकू गेलं. "केव्हाचा गिटार जुळवतोय. ते बाकीचे नुसते बघत काय उभे आहेत? करा की त्याला मदत कुणीतरी!"

मेदेरची बोटं चालत राहिली, पण कान सायरा-अपांचे झाले. आणि त्या कानांनी ऐकलं तर खरंच कुणीतरी गिटार जुळवत होतं. चौथं वळण तिसऱ्यासारखं होतं, पाचवं चौथ्यासारखं. मग हे एवढं लांब कशासाठी केलं आपण? त्यानं तिरक्या नजरेनं जोलदोशकडे पाहिलं. तो माइकसमोर हात लोंबते ठेवून उभा होता. आणि मेदेरला लख्ख कळलं. घाट नाही, धुकं नाही, इंजिन तर नाहीच. हा सगळा वेळ जोलदोशला असं बिनकामाचं उभं करण्यासाठी होता. माइकसमोर, सगळ्यांदेखत, शब्दाविना. हिवाळाभर मोठ्या कष्टानं त्यानं जोलदोशसाठी एक रांग बांधली होती आणि त्याला तिच्यात शेवटी उभं केलं होतं.

पण ते बघण्यात जी मजा येणार होती, ती येईना. कारण जोलदोश कंटाळलेला नव्हता. तो मेदेरच्या डाव्या हाताकडे बघत होता, टक लावून, एखादं वाक्य कुठे जातंय ते ऐकताना बघतात तसा.

मेदेरनं हात उचलला.

कुंदूज थांबली. एसेनच्या काठ्या हवेत राहिल्या. पुढे काय, हे ट्रकवर कुणालाच माहीत नव्हतं, मेदेरला तर नाहीच. नुसता जनरेटर. गालिच्यांवरचं बोलणं बंद पडलं, कलिंगडावरची सुरी थांबली, आणि लोकांच्या माना ट्रककडे वळल्या.

मग माइकमध्ये श्वास ऐकू आला. जोलदोशनं शेवटचं कडवं सुरू केलं, साथीशिवाय, नेहमीपेक्षा कितीतरी खालच्या आवाजात. दोन ओळी झाल्यावर बाकीची तिघं त्याच्या मागून आत शिरली.

गाणं संपलं तेव्हा सायरा-अपा म्हणाल्या, "जुळली एकदाची!" आणि सगळ्यांत आधी त्यांनीच टाळ्या वाजवल्या.

इस्मानाली-आके ट्रकपाशी आले. "पुन्हा वाजवा. ते मध्येच गप्प झालात ना, तेवढ्यासाठी. आमच्या बँडला ते कधी जमलं नाही."

"ते मी केलं, आके," मेदेरच्या तोंडून निघून गेलं.

"तू?" जोलदोश वळला. "तू नुसता थांबलास. गाडी बंद पडली म्हणजे ड्रायव्हरनं काही केलं असं होत नाही. मी श्वास घेतला तेव्हा त्याला अर्थ आला."

"मी थांबलो नसतो तर श्वास कुठे घेतला असतास? धुक्यात?"

"मी घेतला नसता तर तू अजून हात वर करून उभा असतास. लोकांना वाटलं असतं, वीज गेली."

"हे माझ्या सोलोतलं आहे. म्हणजे माझं."

"त्यात एक सूर नाही! शब्दही नाही, म्हणून माझंही नसेल म्हणतोस?"

"अरे, गप्प बसा दोघंही!" कुंदूज म्हणाली. "आज तुम्हाला तेवढंच जमलंय."

एसेननं काठी वर केली. "पण थांबायचं कुठे, ते सांगा की. मी मोजू किती?"

प्रत्येक सुराचा हिशेब ठेवणाऱ्या मेदेरनं नेमकं हेच मोजलं नव्हतं. "माझ्याकडे बघ," तो म्हणाला.

"त्याच्याकडे नको, माझ्याकडे," जोलदोश म्हणाला.

"मी कुंदूजकडे बघतो," एसेन म्हणाला.

गाणं पुन्हा सुरू झालं. पहिलं कडवं, दुसरं. पहिलं वळण, दुसरं. मेदेर तारांकडे बघतच नव्हता. तो जोलदोशच्या छातीकडे बघत होता, श्वास कधी भरतोय म्हणून. जोलदोश त्याच्या हाताकडे बघत होता, कधी उचलला जातोय म्हणून. मागच्या वेळची जागा आली आणि गेली, कारण दोघंही दुसऱ्यासाठी खोळंबले होते. सोलो पुन्हा धुक्यात शिरला, आणि ते धुकं आता मेदेरलाही नको होतं. जोलदोशनं हनुवटी किंचित वर केली. तो हुकूम होता की विचारणा, हे मेदेरला सांगता आलं नसतं. त्यानं हात उचलला. निदान तो तरी पुढे असंच सांगणार होता, की हात आधी उचलला गेला.

ट्रकवर पुन्हा शांतता पसरली. या वेळी ती जरा जास्तच लांबत चालली होती, आणि जोलदोश अजून सुरू करत नव्हता. मेदेर हात वर धरून तसाच उभा राहिला. दंडाला रग लागली होती, तरी त्यानं तो खाली घेतला नाही.