दादाचे भाचे

माकडाच्या रक्तात वाढणारा तापाचा जंतू माणसाच्या रक्तात रुजवायचा, हे धाकटीचं काम. वर्षभर तिनं त्याला लळा लावावा तसं माणसाचं रक्त थोडं थोडं चाखवलं. रक्त तिच्या मोठ्या भावाचं, दादाचं. दादा शाळेची बस चालवायचा. "माझ्या रक्तावर पोसलेत, म्हणजे भाचेच ना माझे!" म्हणायचा, तेव्हापासून सगळी प्रयोगशाळा त्यांना भाचेच म्हणू लागली. बाकीच्या बाटल्या बुरशीनं गेल्या. भाच्यांची ही एकच उरली.

रक्ताच्या बाटल्यांना लाल झाकण माणसाचं, निळं माकडाचं. त्या आठवड्यात नवी झाकणं आली, सगळी पांढरी. आणि धाकटीनं भाच्यांना दादाचं ताजं समजून माकडाचं रक्त वाढलं.

दुसऱ्या दिवशी तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जुन्या पेशी फोडून बाहेर पडलेले भाचे नव्या पेशींना धडकत होते, दार काही उघडत नव्हतं. आत शिरलेले अगदी मोजके. तिनं रक्ताच्या बाटलीवरची बारीक चिठ्ठी वाचली: माकड.

तिनं तडक फोन लावला. "दादा, आत्ता ये."

"बस धुतोय गं."

"भाचे उपाशी आहेत."

"मग बस गेली उडत!"

तोवर ती बाईंपुढे उभी राहिली. बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. "बाई, वर्ष वाया घालवलं मी." सगळं सांगून टाकलं.

बाईंनी आधी पाहिलं, मग हुकूम सोडला, "माकडाच्या रक्तातले मूळचे जंतू आण बघू." ते त्याच रक्तात सुखानं नांदत होते. बाई हसल्याच. "अगं वेडे, हेच तर शोधत होतो आपण! किल्ली माणसाच्या कुलपासाठी घासली, ती जुन्या कुलपात ढिली पडली. नवं घर मिळालं, पण फुकट नाही."

"म्हणजे सासरी रुळली नि माहेरचा उंबरा चढता येईना," धाकटी पुटपुटली.

"तसंच लिही. नाही, तसं नको लिहूस!"

दादा ओल्या बाह्यांनीच आला नि हात पुढे करून बसला. वाचलेले भाचे त्याच्या रक्तात सोडले. काही दिवसांत काचपट्टी गजबजली, अंगणात पोरं सुटावीत तशी.

दादानं एक डोळा मिटून पाहिलं. "कुणावर गेलेत गं?"

"मामावर. घरचं सोडून कुठं जेवतच नाहीत."