धरलेलं बोट

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पायऱ्यांवर माणसं, खिडक्यांच्या कठड्यांवर माणसं, आणि मंचावर पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले स्पर्शगुरू. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत माझा दादा. वय तीस. स्वमग्न. दिवसाकाठी बोलला तर पाच-सहा शब्द.

गुरूंनी दादाच्या मनगटाखाली तळवा सरकवला, त्याचं बोट चिमटीत धरलं, आणि ते बोट अक्षरांच्या पाटीवर भराभरा फिरू लागलं. सेविका अक्षरं जुळवून माइकवर वाचू लागली.

"आई… तू माझं आभाळ… मी आत कोंडलेला सूर्य…"

सभागृहभर हुंदके. "लेकरू कसलं, ऋषी आहे हो ऋषी!" मागची एक बाई म्हणाली. आई तर विरघळलीच होती.

मला शिसारी आली. मी पहिल्या रांगेत होते. गुरूंच्या अंगठ्याचं नख दादाच्या बोटात रुतत होतं. अत्तराच्या तेलाने दोघांची बोटं चिकट चकाकत होती. आणि दादा? तो छताचा पंखा बघत होता.

"पाटीकडे न बघता कसं गं लिहितो हा?" मी विचारलं.

"आत्म्याला डोळे लागत नाहीत," आईने गुरूंचंच वाक्य माझ्या तोंडावर मारलं.

सेविकेने पुढचं वाक्य वाचलं. "नाटकाचा वर्ग… माझा छळ… मला गुरूंच्या केंद्रात राहू द्या… कायमचं."

तो वर्ग बेकरीच्या वरच्या खोलीत दर शनिवारी भरायचा. संहिता नाही, पाठांतर नाही. एकाने काही म्हणायचं, दुसऱ्याने ते मानून पुढे न्यायचं. दादासारखी नऊ मोठी माणसं तिथे ऐनवेळी नाटक रचायची. साडेचार महिने दादा नुसता दाराशी उभा राहिला. मग एकदा कोणीतरी रिकामा हात पुढे करून म्हणालं, "घे, गरम आहे हं," आणि दादाने तो नसलेला कप हातात घेऊन त्यावर फुंकर घातली. त्या एका फुंकरीमागे वीस शनिवार होते.

आई केंद्राच्या संमतीपत्रावर सही करायला उठली. तेवढ्यात तो नाटकाचा वर्ग घेणाऱ्या बाई प्रेक्षकांतून उठल्या आणि काखेत पुठ्ठे घेऊन, चष्मा कपाळावर चढवत मंचावर आल्या.

"गुरुजी, एक खेळ खेळू या?"

"इथे साधना चालते, बाई. खेळ नव्हे."

"पाचच मिनिटं. मी चित्र दाखवते, त्याने नाव लिहायचं. कोंडलेल्या सूर्याला एवढं तर जमेलच की!"

लोक हसले, आणि गुरूंना नाही म्हणणं जड गेलं.

बाईंनी दोघांना समोरासमोर बसवलं, मध्ये पाटी ठेवली, आणि पाटीच्या वर दोघांच्या मधोमध एक मोठा पुठ्ठा उभा धरला. सभागृहाची डावी बाजू दादाच्या मागे आली, उजवी गुरूंच्या मागे. पुठ्ठ्याखालून गुरूंनी दादाचं बोट धरलं आणि ते फिरलं.

"न… ळ… नळ!" सेविका गरजली.

उजवीकडून टाळ्यांचा कडकडाट. डावीकडून एकही टाळी नाही.

"वाजवा की टाळ्या! हात दुखतात का?" उजवीकडचे एक आजोबा ओरडले.

"कशाला वाजवू? बस आहे ती!" डावीकडून एक आजी.

"चष्मा पुसा, आजी. नळ आहे!"

बाईंनी पुठ्ठा सावकाश फिरवला. एका बाजूला नळ, दुसऱ्या बाजूला बस. दादासमोर बस होती. त्या दोघांत नळ दिसत होता फक्त गुरूंना.

"शंकेखोर मनं जमलीत," गुरू घाम टिपत म्हणाले. "स्पंदनं गढूळ झाली, म्हणून चुकलं."

"चुकलं तर चुकलं हो," बाई म्हणाल्या. "पण चुकताना नेमकं तुम्ही पाहिलेलंच चित्र कसं उतरलं? चला, दुसरा पुठ्ठा काढते."

गुरूंनी हात मागे घेतला आणि बोटं रुमालाला खसाखसा पुसली, जणू घाण दादाची होती.

"म्हणजे… आभाळ? तेसुद्धा?" आईचा आवाज एवढासा झाला.

"तेसुद्धा त्यांचंच होतं," बाई म्हणाल्या.

लेकाच्या शब्दांसाठी तीस वर्षं भुकेल्या माझ्या आईला त्या माणसाने उष्टं वाढलं होतं, आणि माझ्या दादाचं बोट चमच्यासारखं वापरलं होतं.

आई दादापुढे बसली. हात धरला नाही. "तुला केंद्रात राहायचंय, बाळा?"

दादा लाल झालेलं बोट चोळत राहिला. लोक चुळबुळले. बाईंनी सगळ्यांना हाताने थांबवलं. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "घरी." आणि दाराकडे चालू लागला. आईने संमतीपत्राचे तुकडे केले.

मंत्र नव्हता, जादू नव्हती. बोट धरणारा ढकलत होता, एवढंच. दोष पाटीचा नाही, स्वतःच्या हाताने पाटीवर मन मांडणारे कितीतरी आहेत. म्हणून कुणी तुमच्या माणसाचा हात धरून गोड बोलू लागलं, तर आधी त्या धरणाऱ्याला खोलीबाहेर काढा. तुमच्या माणसाला एक साधी वस्तू दाखवा, ती लपवा, मग धरणाऱ्याला आत बोलवा आणि काय दाखवलं होतं ते विचारा. आणि तुमच्या माणसाच्या स्वतःच्या शब्दाला वेळ लागला, तर तेवढा वेळ थांबा.