सरळ नाकाचा अर्धा चेहरा

मित्रांनो, माझी कपाटाच्या डोक्यावर बदली झाली. ती का झाली, ते सांगतो.

मी एक जुना प्लास्टिकचा अर्धा चेहरा आहे. नाकाच्या मधोमध उभा कापलेला. आत हाडांमधल्या पोकळ्या, म्हणजे सायनस, रंगवून दाखवल्या आहेत. साच्यातून निघालेली आम्ही भावंडे इतकी सारखी होतो, की एकाला शिंक आली असती तर सगळ्यांनी रुमाल काढले असते.

कान-नाक-घसा विभागात मी नोकरीला लागलो, तेव्हा डॉक्टरताई शिकत होत्या. पुढेही प्रत्येक ऑपरेशनआधी त्या मला मांडीवर घेत, माझ्या नाकात पेन्सिल घालत आणि पुटपुटत, “इथून आत, इथे वळायचं, ही भिंत फोडायची. किती शहाणा आहेस रे! सगळं कसं जागच्या जागी!” नाकात पेन्सिल गेल्यावर सुखावणारा बहुधा मी एकटाच.

एकदा शिवणकाम करणाऱ्या काकू आल्या. नाक चोंदलेले, डोके ठणकणारे.

“नाकाचं काय ते करा बाई, पण डोळ्यांना धक्का नको हं. सुईत दोरा अजून बिनचष्म्याची ओवते मी. त्यावरच घर चालतं.”

“काकू, वाट मला पाठ आहे,” ताई म्हणाल्या.

दुपारी ताईंच्या वरच्या मोठ्या डॉक्टर मॅडमनी ती वाट विचारली. ताईंची पेन्सिल माझ्यातून झरझर गेली आणि अगदी मागच्या भिंतीला टेकली. “इथे फोडणार.”

मॅडमनी काकूंचा सीटी स्कॅन लावला आणि माझ्याकडे बोट केले. “हे कोणाचं नाक आहे?”

“मॉडेलचं, मॅडम.”

“मग मॉडेललाच भरती कर. काकूंना घरी पाठवू.”

स्कॅन ताईंनी पाहिला होता, पण जे माझ्यात नाही ते त्यांना तिथेही दिसले नव्हते. काकूंच्या नाकात मागे एक जादा पोकळी होती आणि तिच्यातून डोळ्याची नस जात होती. नसेच्या अंगावर हाडाचे पांघरूणसुद्धा नाही. पेन्सिल टेकली होती ती नेमकी तिथे. ताईंनी पेन्सिल माझ्या नाकातून हळूच काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी ताईंनी त्या नसेला वळसा घालून ऑपरेशन केले. शुद्धीवर आल्यावर काकूंनी सुई-दोरा मागवला, पहिल्या झटक्यात ओवला आणि ताईंच्या कोटाचे बटण शिवायला घेतले. “डॉक्टर ना तुम्ही? आणि बटण असं लोंबतंय!” ताईंच्या डोळ्यांत पाणी आले. काकूंना वाटले, सुई टोचली.

तेव्हापासून ताई आधी स्कॅन वाचतात. मला कपाटावरून सगळे ऐकू येते. “याच्या नाकातला मधला पडदा बघा कसा वाकलाय!” “हिच्या कपाळात पोकळीच नाही!” आवाज तोच, लाडाचा. पूर्वी तो माझा होता. मी नाकासमोर पाहत राहतो. समोर भिंत आहे.

मित्रांनो, चेहऱ्याआड प्रत्येकाचे घर वेगळे बांधलेले असते. आत शिरण्याआधी ज्याचे घर, त्याचाच नकाशा उघडा. मी कितीही आवडलो तरी.

तरी विभागप्रमुखांस सविनय विनंती, की माझ्या नाकात एक वाकडा पडदा व मागील बाजूस एक जादा पोकळी मंजूर करून, डॉक्टरताईंच्या हस्ते माझाही सीटी स्कॅन वाचण्यात यावा. उपाशीपोटी येण्यास माझी हरकत नाही.