दुसऱ्या सर्व्हिसच्या आधी

"पहिली गेली ना? गेली. आता पाठ फिरव. कुंपणाकडे बघ, श्वास सोड, मग परत ये. दुसरी सर्व्हिस नव्या माणसाने मारायची असते."

टेनिसच्या सरांचं हे वाक्य माझ्या लेकीइतकंच मलाही पाठ आहे. ठमी नऊ वर्षांची होती तेव्हापासून ते हेच सांगत आले. ती कोर्टावर आणि मी कुंपणाबाहेरच्या बाकावर, हातात माळ घेऊन. पुढे सरांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि ते लांब लेकीकडे राहायला गेले. त्यांचं वाक्य तेवढं आमच्याकडे राहिलं.

पाच महिन्यांपूर्वी एका अंतिम सामन्यात ठमीने शेवटच्या गेममध्ये लागोपाठ दोन डबल फॉल्ट केले, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकवून गुण फुकट दिले, आणि हातातला सामना घालवला. तेव्हापासून दुसरी सर्व्हिस म्हटली की तिचा हात दगड होतो. सरावात शंभरातल्या पंच्याण्णव बरोबर पडतात. सामन्यात चेंडू जाळीत तरी जातो, नाहीतर थेट मागच्या भिंतीवर.

मला टेनिसमधलं काय कळतं? मला जे येतं ते मी केलं. त्याच दिवशी साखर सोडली, ठमी पुन्हा एखादी स्पर्धा जिंकेपर्यंत. आणि सामन्यात प्रत्येक गुणाला माळेचा एक मणी ओढायचं ठरवलं. दुसऱ्या सर्व्हिसची वेळ आली की मी डोळे मिटून देवाला अगदी आतून हाक मारत असे.

आजचा सामना जिंकला तर राष्ट्रीय शिबिरात जागा. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नाही. "आज हरले तर रॅकेट माळ्यावर," असं तिने परवाच जेवताना सांगून टाकलं होतं, भाजी वाढ म्हणावं इतक्या सहज.

सकाळी लॉजच्या खोलीत ती पलंगावर मांडी घालून रॅकेटच्या मुठीला नवी पट्टी गुंडाळत होती. माझी नणंद थर्मासमधून चहा ओतत होती. माझा बिनसाखरेचा कप वेगळा काढलेला.

"वहिनी, देवाला तुम्ही फार कोड्यात टाकलंय," नणंद म्हणाली. "टेनिसचे गुण म्हणे पंधरा, तीस, आणि पुढे चाळीस? पंचेचाळीस का नाही? तो बिचारा पाच महिने तिथेच अडकला असेल."

"आत्या, गप गं," ठमी हसली. मग मान खाली घालूनच म्हणाली, "आई, एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

"सांग की."

"दुसऱ्या सर्व्हिसच्या आधी तू डोळे मिटतेस."

"अगं, तुझ्यासाठीच तर..."

"माहितीये मला. पण मी तुझ्याकडे बघते तेव्हा ते मिटलेले असतात. समोर अपघात होणार असला की माणसं मिटतात ना, तसे. मग मला वाटतं, हिलासुद्धा कळलंय." तिने पट्टीचं टोक दाताने तोडलं. "आणि तो चहा. माझा प्रत्येक डबल फॉल्ट तुझ्या कपात जाऊन पडतो, आई. मी चेंडू मारू की तुझा कप सांभाळू?"

जिला मी आधार द्यायला निघाले होते, तिच्याच खांद्यावर बसले होते मी!

"डोळे मिटणार नाही," मी म्हटलं.

"आणि मिटलेच तर?"

"तर उठून बाहेर जाईन. बाहेर उभी राहून काही मागणारही नाही."

"नक्की?"

"दिलेला शब्द मोडलाय कधी मी?"

तिने माझ्या कपात दोन चमचे साखर घातली. मी चहा प्यायले. पाच महिन्यांनी गोड जिभेला लागलं, आणि चोरी केल्यासारखं वाटलं.

पहिला सेट गेला. दुसरा ठमीने घेतला. मी डोळे टक्क उघडे ठेवले होते, पाणी येईपर्यंत. तिसऱ्यात दोघींचे चार-चार गेम. ठमीची सर्व्हिस, तीस-तीस.

पहिली सर्व्हिस जाळीत गेली.

ठमीने पाठ फिरवली. कुंपणाकडे बघितलं. तिचे खांदे खाली आलेले मला दिसले. सगळं सरांनी शिकवल्यासारखं. मग ती परत वळली आणि वळताना तिची नजर आमच्या रांगेवरून गेली.

मी मुद्दाम केलं नाही. पापण्यांना कोणी विचारत नाही. कळलं तेव्हा अंधार होता आणि जाळीच्या दोरीवर चेंडू आपटल्याचा आवाज आला होता.

तीस-चाळीस. पुढच्या वेळी मी दातओठ खाऊन डोळे उघडे ठेवले. पण आता ती बघतच नव्हती. तिला जे बघायचं ते बघून झालं होतं. पहिली बाहेर. दुसरी जाळीत.

चार-पाच. समोरच्या मुलीची सर्व्हिस. तिला हा एक गेम पुरे. पंचांनी बाजू बदलायला सांगितलं. ठमी खुर्चीत बसली आणि तिने डोक्यावर टॉवेल ओढला. तो टॉवेल मी काल धुतला होता. माझ्यापासून वीस पावलांवर होता, आणि जाऊन तो बाजूला करायची मला परवानगी नव्हती.

खेळ चालू असताना प्रेक्षकांना उठता येत नाही. उठायचं तर याच नव्वद सेकंदांत.

मी माळ पर्समध्ये ठेवली आणि चेन ओढली.

"वहिनी, आत्ता?" नणंदेने माझा पदर धरला. "अहो, हीच तर वेळ आहे! तिला एकटीला सोडून?"

"हो."

"पुढे काय झालं ते कळवू तरी?"

"नको. ती येईल आणि सांगेल."

तिने पदर सोडला. पायऱ्या उतरताना मी कोर्टाकडे बघितलं नाही. टॉवेल बाजूला झाला का, तिने मला जाताना पाहिलं का, मला माहीत नाही.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, "मावशी, सामना संपला?"

"नाही अजून."

"मग?"

त्याला काय सांगणार? बाहेर कुंपणाला लागून एक फरसबंद वाट दूर नळाकडे जात होती. ओठांवर देवाचं नाव आलंच, इतक्या वर्षांच्या सवयीने. नाव येऊ दिलं. त्यामागून येणारं मागणं गिळलं. ते पाच महिन्यांच्या बिनसाखरेच्या चहापेक्षा कडू होतं.

आत पंचांनी खेळ पुन्हा सुरू करायला "टाइम" म्हटलं. टाळ्या थांबल्या. चेंडू आपटल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा.

कुंपणाकडे पाठ करून मी नळाच्या दिशेने चालायला लागले.