रायफलीची बैठक

पितांबर मिस्तरीने आजवर गाड्यांची चाकं केली, पाभरी केल्या, प्रकाशा गावातल्या निम्म्या घरांची दारं बसवली. पण कुठल्याच लाकडाने त्याला इतकं छळलं नव्हतं. ऊस बागायतदार रूपचंदभाईंची बोल्टची रायफल गाडीतून पडली आणि तिचा लाकडी दस्ता चिरला. पितांबरने मुरलेल्या शिसवाचा नवा दस्ता कोरून दिला. दिसायला देखणा, पण रायफल काही नीट मारेना. पहिली गोळी निशाणावर, दुसरी वीतभर डावीकडे, तिसरी हातभर लांब.

त्यांच्या उसात रानडुकरांचे कळप शिरत होते आणि महायुद्धामुळे काडतुसं मिळेनाशी झाली होती. रूपचंदभाई चौथ्यांदा रायफल घेऊन आले, तेव्हा ओट्यावर टेकलेसुद्धा नाहीत.

"मिस्तरी, कळपमा एकच डुक्कर ऱ्हास का?"

"मन्हं काम बराबर शे," पितांबर तडकला. "बार उडताना तुम्हना खांदाच दचकस, भाऊ."

रूपचंदभाईंचा चेहरा उतरला. "चार दिन देस. नही तं नंदुरबारले दुसरा मिस्तरी देखसू," एवढं बोलून ते निघून गेले.

पितांबरने रायफल पुन्हा खोलली. दिव्याची काजळी तेलात खलून नळीला खालून लावली, नळी दस्त्यात दाबली, उचलली. लाकडावर जिथे काळं उठलं तिथे काचेच्या तुकड्याने खरवडलं. पुन्हा काजळी, पुन्हा खरवडणं. नळीखालून कागद आरपार सरकू लागला, कुठेच अडेना. म्हणजे नळी लाकडाला शिवतच नव्हती. मग गोळी सरकते कशाने? त्याने काच अंगणात भिरकावली.

"दिवामा तेल ऱ्हायनं नही," त्याची बायको गजराबाई आतून कुरकुरली.

"तेल कसानं लई बठनी! आठे मन्ही अब्रू जाई ऱ्हायनी. ये, हाई धर जरा."

गजराबाईने रायफल उभी धरली. दस्त्याचं टोक आणि नळी यांच्या फटीवर तिची बोटं होती. पितांबरने नळी दस्त्याला आवळणाऱ्या दोन स्क्रूंपैकी पुढचा सैल केला.

"हालनी!" ती म्हणाली.

"काय हालनी?"

"नळी. मन्हा बोटखाल सरकनी."

त्याला पटेना. त्याने स्क्रू आवळला, स्वतःचं बोट फटीवर ठेवलं आणि तिला स्क्रू सैल करायला लावला. नळी खरंच उसळली. पितांबरने नळी काढून खालचं लाकूड चाचपलं. दोष नळीखाली नव्हताच. नळीच्या मागची, बोल्टची लोखंडी पेटी ज्या लाकडावर बसते, तिथे मागच्या बाजूला त्याचीच पटाशी खोल गेली होती. दोन्ही स्क्रू आवळले की पेटी धनुष्यासारखी वाकायची. नळी तापली की तो ताण बदलायचा आणि गोळी भलतीकडे जायची. आधीच्या खेपा धरून आठ दिवस तो नको तिथे खरवडत बसला होता आणि वर मालकालाच बोलला होता!

त्याने खोल जागी सागाची पातळ चीप सरसाने बसवली, वर वजन ठेवलं. दोन दिवस सरस वाळेपर्यंत दुसऱ्या कामात त्याचं मन लागलं नाही. मग पुन्हा काजळी लावली आणि पेटीची लाकडातली बैठक सगळीकडून सारखी काळी उठेपर्यंत घासली. आता स्क्रू सैल केला तरी नळी जागची हलेना.

चौथ्या दिवशी दोघे तापीच्या काठी गेले. दरडीला पत्रा टेकवला. रूपचंदभाईंनी रायफल उचलली, तसा पितांबर घसा खाकरून म्हणाला, "भाऊ, मी चुकनू. खांदाना दोष नव्हता. बैठक मीच खोल करी टाकी व्हती."

रूपचंदभाईंनी नेम धरला. पाच बार झाले. चार भोकं तळहाताखाली मावतील अशी पडली होती. पाचवं उजवीकडे, चार बोटं दूर.

पितांबरने पाचव्या भोकाकडे बोट केलं. "आते काय व्हयनं?"

"ती चूक मन्ही," रूपचंदभाई ओशाळून म्हणाले. "खांदा दचकना."

पितांबरला हसू आलं नाही. त्याने पत्र्याजवळ जाऊन चारही भोकांवर तळहात ठेवून पाहिला, मग रायफल मागून घेतली आणि दोन्ही स्क्रू पुन्हा एकदा तपासले.