दोनच्या जागी सात

“दिवसातून किती वेळा संडासला जावं लागतं, मास्तर?” सिस्टरनं वहीतून मान वर न करता विचारलं.

“दोनदा. फार तर दोनदा.”

शेजारच्या खुर्चीत मास्तरांची बायको बसली होती. तिनं मांडीवरच्या पिशवीचे बंद घट्ट धरले. सकाळपासून चार वेळा तिनं संडासाची कडी वाजताना ऐकली होती.

“पोटात कळा? रक्त?”

“छे.”

सिस्टरनं रकान्यात दोन लिहिलं. मास्तर वजनकाट्यावर चढले. “वजन आहे तेवढंच. छान,” ती म्हणाली. मास्तर चटकन खाली उतरले.

मास्तर म्हणजे शिंपी. पस्तीस वर्षं त्यांनी पुरुषांचे शर्ट-पँट शिवले होते. दीड वर्षापूर्वी जिभेच्या कडेला एक जखम झाली, ती भरेचना. ऑपरेशनमध्ये जिभेचा तुकडा गेला, महिनाभर रेडिएशनचे शेक झाले, आणि तरी मानेत उजवीकडे गाठ परत आली. तेव्हा डॉक्टरांनी नव्या औषधांच्या चाचणीबद्दल सांगितलं. काही जणांना एक औषध मिळणार होतं, काहींना दोन एकत्र. कुणाला काय, ते संगणक ठरवणार. मास्तरांच्या वाट्याला दोन आली.

सिस्टरनं पहिल्याच दिवशी समजावलं होतं, “ही औषधं स्वतः गाठीला मारत नाहीत. शरीरातल्या पहारेकऱ्यांना जागं करतात. पण दोन औषधांनी ते कधीकधी चेकाळतात, घरच्याच माणसाला चोर समजून बडवतात. आतडं, यकृत, काहीही. म्हणून लपवायचं नाही. जरा काही वाटलं की फोन करायचा.”

मास्तरांनी तेव्हा मान डोलावली होती.

सहाव्या आठवड्यात गाठ उतरू लागली. दर रविवारी ते आरशासमोर उभं राहून स्वतःच्या मानेला टेप लावत. मान साडेसोळा इंचांवरून पंधरावर आली. डॉक्टरांच्या आधी ती बातमी त्यांना कळली होती. आणि त्याच सुमाराला पोट बिघडलं. त्यांच्याच चाचणीतला एक गप्पिष्ट निवृत्त ड्रायव्हर कावीळ झाल्यावर दिसेनासा झाला. चौकशी केली तेव्हा कळलं की त्याचं औषध बंद केलं. त्या दिवसापासून मास्तरांनी तोंडाला कुलूप लावलं.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना बायकोच्या हाताला मास्तरांच्या पँटची कंबर लागली. ती पँट घेऊन आत आली.

“अहो, ही कंबर आत कधी घेतलीत?”

“जुनी आहे ती शिवण.”

“दोरा नवा आहे. रीळ मीच आणलं मागच्या आठवड्यात. बोटभर आत घेतलीत.”

मास्तर मशिनीवर मान खाली घालून बसले.

“मी सिस्टरला सांगते.”

“सांग. म्हणजे औषध बंद. औषध बंद म्हणजे गाठ पुन्हा.” जिभेचा तुकडा गेल्यापासून त्यांचे शब्द घसरत, म्हणून ते सावकाश बोलले. “बिघडलेलं पोट घेऊन माणसं जगतात. ही गाठ घेऊन नाही जगत.”

तेही खरंच होतं. तिनं दोन दिवस फोन केला नाही. स्वयंपाक करताना, झाडताना तिचा कान त्या कडीकडे असे. कडी वाजली की ती मनात आकडा पुढे सरकवी.

तिसऱ्या दिवशी दुपारी चालती मशीन एकदम थांबली. मास्तर पोट दाबून उठले, भिंतीला धरत गेले. बराच वेळ झाला तरी बाहेर आले नाहीत. पाण्याचा आवाज आला, मग तोही थांबला. दाराखालच्या फटीतून लालसर पाणी बाहेर आलं.

कपाटाच्या दारावर सिस्टरचा नंबर चिकटवलेला होता.

“सिस्टर, दोन नाही हो,” ती फोनवर म्हणाली. “त्या दिवशी सात होते. आज दुपारपर्यंत नऊ. आणि रक्त आहे.”

“सामान बांधत बसू नका. आहात तशा निघा. मी दारात थांबते.”

बंद दाराआडून मास्तरांचा आवाज आला. “केलंस ना वाटोळं.”

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि लगेच भरती करून घेतलं. “आणखी दोन दिवस काढले असते तर आतडं फाटलं असतं,” ते बायकोला म्हणाले. आतड्याची सूज उतरवायची जबर औषधं सुरू झाली. चाचणीची दोन्ही औषधं कायमची बंद.

मास्तर बायकोशी बोलेनात. ती आली की भिंतीकडे तोंड करून पडत. ती उशाशी बसून राही आणि वेळ झाली की उठून जाई. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी सिस्टर वही घेऊन आली. बायको पाण्याची बाटली भरत होती.

“रागवायला आलेली नाही, मास्तर. पण हे आकडे तुमच्यापुरते नसतात. पुढे कुणाला एक औषध द्यायचं, कुणाला दोन, ते यावरून ठरणार. इथे दोन लिहिलंय. वाचणाऱ्याला वाटेल, या माणसाला काही त्रास नव्हता, एकाएकी आतडं सुजलं.”

मास्तरांनी कूस बदलली.

“पहिली तारीख कुठली आहे?”

“आठ.”

“तिथे चार करा. पंधराला पाच. बावीसला सात.”

सिस्टरनं जुन्या आकड्यावर एकच रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी नवा आकडा घातला, सही केली. प्रत्येक ठिकाणी तसंच.

“वजनही खोटं आहे,” मास्तर म्हणाले. “खिशात कात्री होती.”

सिस्टरचं पेन थांबलं. “किती वजनाची?”

“पाऊण किलो.”

तिनं तेही लिहून घेतलं. ती गेल्यावर मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. “तू जेवलीस का?” असं विचारलं.

औषध बंद होऊनही गाठ चार महिने तशीच लहान राहिली. असं कधीकधी होतं, डॉक्टर म्हणाले, किती दिवस ते मात्र सांगता येत नाही. मास्तर पुन्हा मशिनीवर बसले. पाचव्या महिन्यात गाठ वाढू लागली, आणि आता देण्यासारखं फारसं काही उरलेलं नव्हतं.

डॉक्टरांनी हे सांगितलं त्या दिवशी परतताना बसमध्ये बायकोनं खिडकीबाहेर पाहत विचारलं, “मी सांगायला नको होतं का?”

“सांगितलं नसतंस,” मास्तर म्हणाले, “तर आज हे विचारलं कुणाला असतंस?”

शेवटच्या तपासणीला सिस्टर म्हणाली, “आता तुमच्यावर चाचणीचं बंधन नाही. पण तुमची हरकत नसेल तर अभ्यासासाठी थोडं रक्त हवं होतं. तुमच्या उपचाराला त्याचा उपयोग नाही, हे आधीच सांगते.”

“किती?”

“तीन नळ्या.”

मास्तरांनी कफाचं बटण काढलं. शर्टाची बाही एकसारख्या रुंदीच्या घड्या घालत कोपराच्या वर नेली, शेवटची घडी अंगठ्यानं दाबून बसवली, आणि हात टेबलावर सरळ ठेवला.